निवेदन नव्हे, टिपण!

वाचकहो, निवेदन आपल्या समाजाला नवे नाही. वस्तीतल्या नळाचा प्रश्न असो की जमिनीचा, एक तक्रार घेऊन निघालो की वाटेत तिच्या जोडीला आणखी वीस मागण्या येऊन मिळतात, खाली शंभर सह्या होतात, साहेबांच्या हाती कागद देताना फोटो निघतो आणि आवक क्रमांक पडला की कागद फायलीत जाऊन झोपतो. आम्ही निवेदनाची टिंगल करीत नाही. निवेदनांनी पुष्कळ मिळवूनही दिले आहे. पण कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे आता वेगळ्याच प्रकारचा कागद आला आहे. त्याला पॉलिसी ब्रीफ म्हणतात. आम्ही त्याला धोरण-टिपण म्हणू.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्रप्रकल्पाला आणि समाजात जाऊन करायच्या कामाला महत्त्व आले. त्यामुळे राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, समाजकार्य घेतलेल्या मुलांना असे टिपण लिहायला सांगितले जाते. पिंपरी-चिंचवड, आकुर्डी, चाकण या पट्ट्यातली मुले आमच्याकडे विचारायला येतात. विषय कोणता घेतलास, असे विचारले की उत्तर ठरलेले असते : 'मागासवर्गीयांचे शिक्षण, समस्या व उपाय'. अहो, हा विषय तीन पानांत मावेल काय? आणि तो वाचून कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या कागदावर सही करायची?

टिपणाची खूण हीच आहे. ते एका माणसासाठी लिहायचे असते, ज्याच्या हाती एखादा निर्णय आहे त्याच्यासाठी. त्याच्याजवळ वेळ पंधरा मिनिटांचा. म्हणून पहिल्याच परिच्छेदात सांगावे की, अमुक नियमात अमुक बदल करावा. निबंधात उत्तर शेवटी येते, टिपणात ते डोक्यावर असते. मग प्रश्न कोणाला, किती आणि कशामुळे भोगावा लागतो ते लिहावे, दोन-तीन मार्ग मांडावेत, त्यांचा खर्च सांगावा आणि त्यांतला एक निवडावा. काहीच केले नाही तर काय होईल, हाही एक मार्ग धरूनच लिहावे लागते.

ही विद्या साहेबांच्या देशातून आलेली आहे असे समजून बुजू नये. बाबासाहेबांचा 1918 सालचा लहान शेतजमिनींवरील लेख ज्यांनी वाचला आहे त्यांना ती ओळखीची वाटेल. शेताचे तुकडे पडतात म्हणून शेतकरी गरीब, तेव्हा तुकडे जोडा, असा त्या वेळचा बोलबाला होता. बाबासाहेबांनी आधी बडोदा संस्थानच्या समितीचे, कीटिंग आणि जेव्हन्स या जाणत्यांचे उपाय एकेक करून तपासले. मग दाखवून दिले की, खरे दुखणे जमिनीवर पडलेला माणसांचा भार आणि भांडवलाची टंचाई हे आहे. उपाय सुचवला तो उद्योगधंद्यांचा. मराठवाड्यातली दोन-अडीच एकर कोरडवाहू सोडून चाकणच्या कारखान्यांत आलेल्या कुटुंबांना हा लेख आपल्याच घरचा वाटावा.

त्याहून जवळचे उदाहरण 1942 चे आहे. व्हाईसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना ऑक्टोबर महिन्यात त्यांनी अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे टाचण व्हाईसरॉयला सादर केले. त्यात शिक्षणाला मदत करा एवढेच मोघम म्हटलेले नव्हते. विज्ञान व तंत्रशिक्षण घेणाऱ्यांसाठी आणि परदेशी जाणाऱ्यांसाठी सरकारने पैसे द्यावेत, अशी नेमकी मागणी होती. 1944 साली केंद्राची शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपली मुले मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा अर्ज भरतात, त्या योजनेचे मूळ तिथे आहे.

आता आमचे म्हणणे असे की, विषय शोधायला मुलांनी दूर जाऊ नये. समाजकल्याण खात्याच्या 'स्वाधार' योजनेचाच घ्या. सरकारी वसतिगृहात जागा मिळाली नाही अशा अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांना राहण्या-जेवण्याचे पैसे देण्याची ही योजना 2016-17 च्या शैक्षणिक वर्षापासून सुरू झाली. मूळ दर पाहा. मुंबई, पुणे, पिंपरी-चिंचवड, नागपूर अशा मोठ्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये. त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. इतर महापालिकांत 51,000. जिल्ह्याच्या ठिकाणी 43,000. महापालिकेच्या हद्दीपासून पाच किलोमीटरपर्यंतची महाविद्यालयेही मूळ नियमात धरली होती. पुढे योजनेत दुरुस्त्या झाल्या आहेत, तेव्हा टिपण लिहिण्याच्या दिवशी लागू असलेला शासन निर्णय उतरवून घेऊन त्याचा दिनांक टाकावा.

आता हिशेब मांडा. निवासाचे 20,000 रुपये दहा महिन्यांवर वाटले तर महिन्याला 2,000 पडतात. एवढ्यात निगडीत कॉट मिळते का? चाकणला? आम्ही आकडा सांगणार नाही, तो तुमच्या टिपणाचा जीव आहे. दहा घरमालकांना, दहा मेसवाल्यांना विचारा, दिनांकासह लिहा, डिपॉझिट किती मागतात तेही लिहा. आडनाव ऐकून खोली नाकारली गेली असेल तर तेही लिहा. भाडेपट्टीच्या आकड्यात ते दिसत नाही.

या पट्ट्यात एक खोच आहे, ती मुंबईच्या प्राध्यापकाला सुचायची नाही. दर ठरतो तो गाव महापालिकेत आहे की नाही यावर. खोलीचे भाडे ठरते ते कारखान्यांवर. चाकणला महापालिका नाही, नगरपरिषद आहे. पण तिथल्या खोलीसाठी विद्यार्थ्याची स्पर्धा असते ती पाळीवर जाणाऱ्या, एका खोलीत पाच-सहाजण राहून भाडे वाटून घेणाऱ्या कामगारांशी. घरमालक शासन निर्णय पाहून भाडे सांगत नाही. तेव्हा औद्योगिक क्षेत्रालगतच्या गावांना मोठ्या शहराचा निवास दर लावावा, ही झाली एक मागणी. एकच, पण सही करता येईल अशी.

कोणी म्हणेल, उत्पन्नमर्यादेचा प्रश्न याहून मोठा आहे. आहेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची मर्यादा 2013 पासून अडीच लाख रुपये आहे, म्हणजे महिन्याला 20,833. वडील कंत्राटी कामगार आणि आई हाऊसकीपिंगला, अशा घरात ओव्हरटाइम धरला की ही रेघ ओलांडली जाते. आपल्या राज्यात मग फ्रीशिपखाली फी माफ होते, पण हाती पडणारा निर्वाहभत्ता जातो. इतर मागासवर्गीयांची उन्नत गटाची रेघ 2017 पासून आठ लाखांवर आहे. तिचा हेतू वेगळा हे खरे, तरी दोन आकड्यांमधले अंतर टिपणात मांडण्यासारखे आहे. मात्र ध्यानात ठेवा, ही मर्यादा केंद्राची आहे. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने या योजनेला पाच वर्षांसाठी 59,048 कोटी रुपये मंजूर केले, त्यात केंद्राचा वाटा 60 टक्के. तेव्हा या विषयाचे टिपण दिल्लीच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या नावे जाईल, स्वाधारचे मुंबईला. कित्येक मुले सगळेच मुख्यमंत्र्यांना लिहितात. चुकीच्या दारावर कितीही जोरात थाप मारली तरी आतून कोण उठणार?

आकडे कुठून आणायचे? माहितीच्या अधिकाराचा 2005 चा कायदा हाताशी आहे. दहा रुपये फी, उत्तराला तीस दिवस. पुण्याच्या समाजकल्याण कार्यालयाला विचारा : मागील तीन वर्षांत स्वाधारचे अर्ज किती, मंजूर किती, नामंजूर कोणत्या कारणांनी, आणि पहिला हप्ता कोणत्या महिन्यात जमा झाला. शेवटचा प्रश्न विसरू नका. जूनमध्ये लागणारे पैसे मार्चमध्ये आले तर मधले नऊ महिने सावकाराचे असतात. सत्र ऑगस्टमध्ये सुरू होत असेल तर अर्ज जुलैतच टाका, नाहीतर उत्तर येईपर्यंत टिपण जमा करायची तारीख निघून जाईल. लोकसंख्येचा आकडा 2011 च्या जनगणनेचा वापराल, पिंपरी-चिंचवड 17 लाख 27 हजार, तर तो जुना आहे हे तिथेच लिहा. 2021 ची जनगणना त्या वर्षी झालीच नाही, हे परीक्षकालाही ठाऊक असते.

विरोधी बाजू स्वतःच लिहून काढणे आपल्या मुलांना जड जाते. राग येतो, आणि तो खरा असतो. तरी वित्त विभागाचा माणूस काय म्हणेल याची कल्पना करा. तो म्हणेल, दर वाढवला की घरमालकही भाडे वाढवतील. त्याला उत्तर हे की, परिसरातले भाडे कामगारांच्या मागणीवर ठरते, त्यात स्वाधारचे विद्यार्थी मूठभर आहेत. ते किती, ते माहिती अधिकाराच्या उत्तरात आलेले असेल. तो म्हणेल, वसतिगृहच बांधू. बांधा, पण जागा आणि इमारत होईपर्यंत आजची मुले पदवी घेऊन बाहेर पडतील. तो म्हणेल, पैसा किती? शंभर विद्यार्थ्यांना वर्षाला दहा हजार जास्त दिले तर दहा लाख. हा गुणाकार तुम्ही केला नाही तर तो करील, आणि विद्यार्थ्यांची संख्या फुगवून करील.

भाषा साधी ठेवा. 'प्रस्थापित व्यवस्थेने' अशी सुरुवात जयंतीच्या भाषणाला शोभते. टिपणात 'नियम क्रमांक अमुक' शोभतो. घरच्यांनीही हातभार लावावा. आईने मेसचा महिन्याचा हिशेब सांगितला, मामाने कंत्राटदाराची पगारपावती दाखवली, तर तो पुरावाच आहे; पावतीवरचे नाव मात्र झाकून घ्यावे.

आणि दोन प्रती काढा. एक कॉलेजात गुणांसाठी द्या. दुसरी ज्याच्या नावे लिहिली त्याच्या कार्यालयात न्या, आवक खिडकीवर द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारीख मारून घ्या. साठ दिवसांनी त्या आवक क्रमांकावर काय कार्यवाही झाली, असा दहा रुपयांचा दुसरा अर्ज टाकता येतो.