मॉरिशस : केवळ ‘छोटा भारत’ म्हणून भागणार नाही

मॉरिशसचा विषय निघाला की आपल्याकडे वक्तृत्वाला भरते येते. ‘छोटा भारत’, ‘रक्ताचे नाते’, ‘सागरापलीकडचे भावंड’ ही विशेषणे ठरलेली. शाल-श्रीफळ होते, टाळ्या पडतात आणि पाहुणे विमानात बसले की विषय पुढल्या पाहुण्यापर्यंत मिटतो. या भावुकतेविषयी आमची तक्रार नाही. तिच्याआड दडलेल्या आळसाविषयी आहे. नाते रक्ताचे असले तरी ते टिकते येण्याजाण्याने आणि देण्याघेण्याने, हे प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहे.

नाते खरेच आहे. २ नोव्हेंबर १८३४ रोजी ‘ॲटलस’ जहाजातून गिरमिटिया मजूर पोर्ट लुईला उतरले. त्या मजुरांचा धक्का आज ‘आप्रवासी घाट’ म्हणून जागतिक वारसा ठरला आहे. पुढे मुंबई बंदरातून कोकणातली माणसेही गेली. त्या बेटावरची साखर आपल्या बाजारात आली आणि ‘मोरस’ या नावाने ओळखली गेली. तेथे गणेश चतुर्थीला आज सार्वजनिक सुट्टी असते, शाळांतून मराठी शिकवली जाते. २०२३ साली तेथे शिवछत्रपतींचा पुतळाही उभा राहिला.

पण या नात्याचा व्यवहार आपण कसा केला? १९८२ च्या करारानुसार मॉरिशसमार्गे येणाऱ्या गुंतवणूकदाराला समभागांच्या विक्रीवरील नफ्यावर भारतात कर द्यावा लागत नसे आणि मॉरिशसही तो घेत नसे. परिणामी २००० नंतरच्या दीड दशकात भारतात आलेल्या थेट परकीय भांडवलाचा सुमारे तिसरा हिस्सा मॉरिशसच्या पत्त्यावरून आला. पत्ता मॉरिशसचा, पैसा बव्हंशी भलत्यांचाच! त्यातला काही तर आपल्याच देशातून वळसा घालून परतलेला, असा आरोप वर्षानुवर्षे होत राहिला. २०१६ साली करारात दुरुस्ती झाली, हे योग्यच झाले. मात्र तोवर एका पिढीच्या मनात मॉरिशस म्हणजे करबचतीचा पत्ता, एवढीच ओळख ठसली.

कोणी म्हणेल, जेमतेम बारा-तेरा लाख वस्तीच्या बेटाशी व्यापार तो किती होणार? हा हिशेबच चुकीचा आहे. पूर्व व दक्षिण आफ्रिकेच्या व्यापारी संघटनांचा हा देश सदस्य आहे. तेथील माणूस इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही भाषांत व्यवहार करतो. आफ्रिकेचे हे दार चीनने ओळखले. त्याचा मॉरिशसशी झालेला मुक्त व्यापार करार १ जानेवारी २०२१ रोजी लागू झाला. आपला त्याच वर्षी १ एप्रिलला. रक्ताचे नाते सांगणारे आपण तीन महिने मागे राहिलो! आपल्या करारात भारताच्या ३१० आणि मॉरिशसच्या ६१५ वस्तूंना सवलत आहे. आपल्या जिल्ह्यांतील किती उद्योजकांनी ही यादी वाचली असेल?

पर्यटनाची कथा निराळी नाही. भारतीयाला तेथे आगाऊ व्हिसा लागत नाही, मुंबईहून थेट विमान आहे. तरी तेथे सर्वाधिक पर्यटक येतात ते फ्रान्समधून. आपली मध्यमवर्गीय कुटुंबे बँकॉक आणि दुबईच्या दुकानांत सुट्टी घालवतात. महाशिवरात्रीला लाखो भाविक पायी चालत जातात तो गंगा तलाव, आपल्याच पूर्वजांनी घाम गाळलेली उसाची शेते पाहावीत, असे किती जणांना वाटते?

शिक्षणाचा प्रश्न सर्वांत गंभीर आहे. तेथील बहुतेक घरांत आज क्रिओल बोलली जाते. मराठी उरली आहे ती मुख्यतः शाळेत आणि सणावारी. मोका येथील महात्मा गांधी संस्था भारतीय भाषांचे काम निष्ठेने करते. सप्टेंबर २०२५ मध्ये आयआयटी मद्रासचा मॉरिशस विद्यापीठाशी करार जाहीर झाला. मद्रासला जे सुचले त्यात पुणे, मुंबई, कोल्हापूरच्या विद्यापीठांनी पुढाकार का घेऊ नये? मराठीचे शिक्षक, पाठ्यपुस्तके, तेथील विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा आणि शिष्यवृत्त्या यांसाठी फार मोठी तिजोरी लागत नाही, इच्छाशक्ती लागते.

२०२४ साली गिरमिटियांच्या सातव्या पिढीलाही भारताच्या विदेशी नागरिकत्वाचे कार्ड देण्याचा निर्णय जाहीर झाला. शासनाने दार उघडले. आत येणाऱ्याचे स्वागत समाजाने करायचे असते. व्यापारी मंडळांनी एक शिष्टमंडळ न्यावे, महाविद्यालयांनी दहा विद्यार्थी बोलवावेत, कुटुंबांनी एक सहल तिकडे काढावी. यातले काहीच जमणार नसेल, तर निदान पुढल्या सत्कारात ‘रक्ताचे नाते’ हा शब्द तरी उच्चारू नये.