पान टिकले, मजकुराचे काय?

इतिहासाच्या अभ्यासकाला कोणत्याही कागदपत्राविषयी दोन प्रश्न विचारावे लागतात : ते मूळ रूपात टिकले आहे काय? आणि ते वाचता येते काय? आज निकालपत्रांपासून शासननिर्णयांपर्यंत आणि स्मरणिकांपर्यंत बहुतेक कागद ‘पीडीएफ’ स्वरूपात साठवले जातात. त्यांनाही हीच कसोटी लावली पाहिजे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर समाधानकारक आहे. अ‍ॅडोबी कंपनीने १९९३ साली हे स्वरूप आणले, ते कोणत्याही यंत्रावर पान जसेच्या तसे दिसावे म्हणून. फॉन्ट फाइलमध्येच सामावता येत असल्याने मांडणी विसकटत नाही. २००८ साली ते आंतरराष्ट्रीय मानक झाले. दीर्घकालीन जतनासाठीचे ‘पीडीएफ/ए’ हे मानक तर २००५ मध्येच आले होते.

दुसऱ्या प्रश्नापाशी मात्र थांबावे लागते. पीडीएफ पानाचे रूप सांभाळते. मजकूर सांभाळेलच असे नाही. नुसते स्कॅन केलेले पान हे छायाचित्रच असते. त्यात शब्द शोधता येत नाही आणि दृष्टिहीन विद्यार्थ्याचे वाचक-सॉफ्टवेअर त्यापुढे मुके होते. मराठीची अडचण आणखी वेगळी आहे. युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेला मजकूर डोळ्यांना शुद्ध दिसतो. पण तो उतरवून घेतला की निरर्थक चिन्हे हाती येतात. युनिकोड वापरूनही कधी वेलांटी, कधी जोडाक्षर निसटते. शिवाय मोठ्या आकाराचे पान मोबाइलवर डावी-उजवीकडे सरकवत वाचावे लागते, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या हाती मोबाइलच असतो.

म्हणून पीडीएफ टाकून द्यावी, असे मुळीच नाही. मात्र तिच्यावरच विसंबू नये. स्मरणिका, पटनोंदी, जुने अहवाल यांची पीडीएफ ठेवावी आणि सोबत युनिकोडमधील साधा मजकूरही जपावा. मुद्रकाकडून दोन्ही फाइली मागून घ्याव्यात. फाइल उघडून एखादे नाव शोधून पाहावे. ते सापडले नाही, तर काम अपुरे आहे असे समजावे.

कित्येक घरांत लेखी नोंदीत आलेले पहिले नाव शाळेच्या पटावरचेच असते. उद्या त्या घरातील नातवंडे ते नाव शोधतील. तेव्हा ते केवळ पानावर असून चालणार नाही; त्यांना सापडलेही पाहिजे.