राजकारणात नक्की पडलं कोण?

‘कलाकारानं राजकारणात पडू नये’ हे वाक्य ऐकलं की माझं डोकं फिरतं. तैवानचा लिऑन दाई घ्या. माणूस नट, शिवाय दिग्दर्शक. २००९ साली त्याच्या कृष्णधवल सिनेमाला गोल्डन हॉर्समध्ये सर्वोत्कृष्ट चित्रपट आणि दिग्दर्शन, दोन्ही बक्षिसं. गोष्ट काय, तर कागदपत्रं नाहीत म्हणून गरीब बापाला पोटच्या पोरीला शाळेत घालता येत नाही.

२०१६मध्ये ‘हा तैवानच्या स्वातंत्र्याचा समर्थक’ असा चीनमध्ये नेटवर गलका झाला आणि व्हिकी झाओच्या सिनेमातून त्याला चक्क काढलं. तो ‘मी नाही’ म्हणत राहिला. ऐकतो कोण? अभिनय कसा केला, हे कुणी विचारलंच नाही. म्हणजे इथेही कागदच तपासले! आता सांगा, राजकारणात पडलं कोण?