लिव्हर टॉनिकपेक्षा जुनी गोळी बरी

सिरोसिसचे निदान झाले की नातेवाईक हमखास विचारतात, "डॉक्टर, चांगले लिव्हर टॉनिक कोणते?" माझ्या मते खरा प्रश्न वेगळा आहे: "पोर्टल शिरेतला दाब वाढला आहे का?"

आतडी आणि प्लीहेकडून येणारे रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाते. सिरोसिसमध्ये यकृत कडक व गाठाळ होते, रक्ताची वाट अडते आणि मागे दाब वाढतो. मग पोटात पाणी साचते, अन्ननलिकेतल्या शिरा फुगतात. त्या फुटल्या तर रक्ताची उलटी होते आणि जीवावर बेतते.

प्रोप्रॅनोलॉल या जुन्या, स्वस्त गोळीने असा रक्तस्राव पुन्हा होणे कमी होते, हे फ्रान्समधील लेब्रेक व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये दाखवले. २०१९ मध्ये स्पेनमधील २०१ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दाब वाढलेला, पण पोटात पाणी किंवा रक्तस्राव झालेला नाही, असे हे रुग्ण. प्रोप्रॅनोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल घेणाऱ्यांपैकी १६ टक्के रुग्णांत गुंतागुंत वा मृत्यू झाला. औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत २७ टक्के. म्हणजे रक्ताच्या उलटीची वाट पाहणे शहाणपणाचे नाही.

मात्र दमा, मंद नाडी किंवा कमी रक्तदाब असल्यास या गोळ्या चालत नाहीत. त्या स्वतःहून सुरू करू नका आणि अचानक बंदही करू नका. दारू सोडणे आणि हिपॅटायटिस बी, सी असल्यास त्यावर उपचार घेणे, याला पर्याय नाही. टॉनिकच्या बाटलीवरचा खर्च वाचवा. तो एंडोस्कोपी आणि नियमित तपासणीसाठी ठेवा.