पत्त्यांची भावकी

"पत्त्यांचा गेम खेळतो" म्हटलं की आमच्या उचगावात पहिला प्रश्न येतो, "पैसे लावून का रे?" त्यांचं काही चुकत नाही. ऑनलाइन रमीपायी इतक्यांचे खिसे रिकामे झाले की २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदाच झाला. पण मंडळी, आजचे पत्ते वेगळे. एकदा गेम विकत घेतला की पुढे रुपया लावायचा नाही. लावायचं ते डोकं, आणि माझं मत विचाराल तर थोडं काळीजसुद्धा.

या प्रकाराला डेक-बिल्डिंग म्हणतात. मेंढीकोटात सगळ्यांचा कॅट एकच, हातात काय येईल ते नशीब. इथे कॅट आपला आपण बांधायचा. टेबलावर ही कल्पना रुजवली २००८ च्या 'डॉमिनियन'ने, आणि कॉम्प्युटरवर लोकप्रिय केली 'स्ले द स्पायर'ने (२०१९). सुरुवातीला दहा-बारा साधेसुधे पत्ते. लढाई जिंकली की समोर तीन नवे पत्ते येतात. एक घ्या, नाहीतर सगळे सोडा. नवखा माणूस दरवेळी घेतो. मग कॅट फुगतो आणि हवा तो पत्ता ऐन वेळी येतच नाही. नकोसा पत्ता काढून टाकायला तिथल्या दुकानात चक्क सोनं मोजावं लागतं! दहा वर्षं जुना कोड सांभाळणाऱ्यांना हे दुःख वेगळं सांगायला नको.

असो. इथवर नुसतं गणित झालं. मला खरा आवडला तो 'ग्रिफ्टलँड्स'. व्हँकुव्हरच्या क्लेई कंपनीचा, २०२१ चा. यातल्या सॅलला कोणीतरी वेठबिगारीत विकलेलं असतं, आणि ती हिशोब चुकता करायला परत आलेली असते. तिच्याकडे दोन कॅट असतात. एक मारामारीचा, दुसरा बोलण्याचा. हातात पाच पत्ते, तीन चाली, आणि समोरचा काय करणार हे आधीच दिसतं. हरलात तर दोष नशिबावर ढकलायला फारशी जागा नाही.

गंमत पुढे आहे. समोरचा माणूस हात टेकतो. आता त्याला सोडायचं की संपवायचं? संपवलं तर त्याच्या जवळचं कोणीतरी तुमचा द्वेष करायला लागतं, आणि तो द्वेष कायमची साडेसाती होऊन मागे लागतो. उलट कोणाच्या मनात घर केलंत तर त्याचा कायमचा फायदा. म्हणजे कसं, एकाशी बांधावरून भांडण काढलं की त्याचा चुलता, मेहुणा, साडू सगळे बोलायचे बंद! ही भावकी आपल्याला कोणी शिकवायला नको. शहरात फ्लॅटमध्ये राहून आपण ती विसरतो, एवढंच.

म्हणून मला वाटतं, या खेळाची ओढ नुसत्या अवघडपणात नाही. प्रत्येक विजयाचं बिल येतं आणि ते आपल्यालाच भरावं लागतं, यात ती आहे. ऑफिसात मीटिंगमध्ये कोणाला तरी गप्प करून आपण जिंकतो. त्याचं बिल सहा महिन्यांनी येतं, तेव्हा कशाचं ते आठवतही नाही. इथे ते लगेच येतं, नावानिशी.

तक्रारही आहे. हरलात की पहिल्यापासून सुरुवात, आणि मुख्य कथा तीच. तिसऱ्या खेपेला संवाद पाठ होतात. दमून घरी आल्यावर हा ताप कशाला, असं एक मित्र म्हणतो. मला उलट वाटतं. कथा पाठ झाली की पुढे काय होणार ही उत्सुकता संपते आणि लक्ष माणसांकडे जातं. याला सोडला तर उद्या कोण उभा राहील माझ्यामागे? हा प्रश्न रील बघताना कधी पडत नाही.

ज्यांना फारच अवघड वाटेल त्यांच्यासाठी गेममध्ये सोपा, कथेपुरता पर्याय दिलेला आहे. तो निवडा, लाजू नका. फक्त एक करा भावांनो, पहिल्या खेपेला शक्यतो कोणाला मारू नका. जमतंय का बघा. वाटतं त्यापेक्षा फार अवघड आहे ते.