जात नको, स्वयंपाकघर विचारा

"जात वगैरे आता कुठे राहिलीय यार?" ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये हे वाक्य हमखास ऐकू येतं. बोलणारा खोटं बोलत नसतो, त्याला खरंच तसं वाटत असतं. आणि सर्व्हेचे आकडे समोर ठेवले की पुढचं वाक्य तयार, "सर्व्हे-बिर्व्हे सब बकवास. मला कधी कोणी विचारलं नाही!"

अहो साहेब, शितावरून भाताची परीक्षा आपल्याकडेच होते ना? आई काही पातेल्यातलं प्रत्येक शीत चेपून बघत नाही. शितं चार ठिकाणची घेतली म्हणजे झालं.

आता आकडे बघा. एनसीएईआर आणि मेरीलँड विद्यापीठाने २०११-१२ मध्ये देशभरातल्या ४२ हजारांहून जास्त घरांत पाहणी केली. आधी सरळ प्रश्न, की घरात कोणी अस्पृश्यता पाळतं का? जे "नाही" म्हणाले त्यांना पुढचा प्रश्न, की अनुसूचित जातीच्या माणसाने तुमच्या स्वयंपाकघरात यायला किंवा तुमची भांडी वापरायला काही हरकत? दोन्ही प्रश्न मिळून २७ टक्के घरं सापडली. "हे सगळं खेड्यात चालतं" म्हणणाऱ्यांसाठी, शहरांत हा आकडा सुमारे २० टक्के होता. म्हणजे पाचातलं एक घर. तुमच्या सोसायटीत फ्लॅट किती आहेत?

मला यात सगळ्यात आवडला तो दुसरा प्रश्न. कुठलाही टेस्टर सांगेल, "प्रोग्राम चालतो का?" असं विचारलं की डेव्हलपर "हो"च म्हणणार. बग सापडतो नेमकी केस दिल्यावर. तत्त्व विचारलं की सगळे पुरोगामी, भांडं विचारलं की खरी गोष्ट बाहेर!

"पण लोक सर्व्हेत खोटं बोलतात." बोलतात की! पण कुठल्या बाजूने? अस्पृश्यता पाळणं बेकायदा आहे, लाजिरवाणंही आहे. न पाळणारा कशाला "पाळतो" म्हणेल? खोटं बोलायचंच तर पाळणारा "नाही" म्हणणार. म्हणजे २७ हा कमीत कमी आकडा धरा.

"एक्झिट पोल २००४ मध्ये चुकले, २०२४ मध्येही आपटले." कबूल. पण तिथे मतांवरून जागांचा अंदाज बांधायचा असतो, आणि ते गणित फार घसरडं. इथे जागा वगैरे काही नाही. स्वयंपाकघरात येऊ देता की नाही, एवढंच.

आणि जिथे लाजच वाटत नाही तिथे तर लोक बिनधास्त सांगतात. प्यू रिसर्चने २०१९-२० मध्ये सुमारे ३० हजार भारतीयांना विचारलं. आपल्या जातीतल्या बायकांना जातीबाहेर लग्न करण्यापासून रोखणं फार महत्त्वाचं आहे, असं ६४ टक्के म्हणाले. पुरुषांच्या बाबतीत ६२. याच सर्व्हेत ८२ टक्के म्हणाले की गेल्या वर्षभरात जातीवरून आपल्याशी भेदभाव झालेला नाही. कॅन्टीनवाल्या मित्राला फक्त हा शेवटचा आकडा आवडतो.

त्याने मराठी वधू-वर जाहिराती उघडून बघाव्यात. "आंतरजातीय चालेल, एससी/एसटी क्षमस्व." इथे तर कुणी प्रश्नही विचारलेला नसतो. पैसे भरून लोक स्वतःच उत्तर छापतात.

तेव्हा "मी जात मानत नाही" हे पुरे झालं आता. घरी फोन लावा आणि तो दुसरा प्रश्न विचारा. मग सांगा जात कुठे राहिलीय ते.