औषधाची बाटली नको, पाण्याचं भांडं भरा

एप्रिलमधल्या एका रविवारी भर दुपारी, मंठ्यातल्या आमच्या अपघात कक्षात एक शाळकरी मुलगा कापडी पिशवीत बोका घेऊन आला. "सर, कालपासून याची लघवी तुंबलीय. आजोबांचं औषध पाजलं, तरी होत नाही." आजोबांना मूतखड्याचा जुना त्रास. त्यांच्यासाठी आणलेलं गोड सिरप घरात होतं, तेच चमचाभर बोक्याच्या तोंडात गेलं होतं. मी माणसांचा डॉक्टर. पशुवैद्यक मित्राला फोन लावला. त्यांनी बोक्याला भूल देऊन नळी घातली, लघवी मोकळी केली आणि बोका वाचला. नंतर ते मला म्हणाले, "एवढंच सांगा लोकांना, की ते सिरप पुन्हा कुणी पाजू नका."

हे सिरप आम्ही रुग्णांना सर्रास लिहून देतो, म्हणून त्यामागचं कारण समजून घ्यायला हवं. लघवीची जळजळ कमी करणारी ही बहुतेक औषधं सायट्रेटची असतात आणि ती लघवी अल्कधर्मी करतात. माणसाच्या काही खड्यांना, विशेषतः युरिक आम्लाच्या खड्यांना, त्याचा उपयोग होतो. पण मांजरांमध्ये वारंवार आढळणारा 'स्ट्रुवाइट' हा खडा मॅग्नेशियम, अमोनियम आणि फॉस्फेटचा असतो आणि तो अल्कधर्मी लघवीतच तयार होतो. म्हणजे आजोबांना उतार देणारं औषध बोक्याच्या खड्याला खतपाणी घालतं. शिवाय लघवी तुंबली की रक्तात पोटॅशियम साठतं आणि हृदयाची लय बिघडते. अशा वेळी पोटॅशियम सायट्रेटचं सिरप पाजणं म्हणजे आगीत तेल ओतणंच.

मग मांजराला हा त्रास होतो तरी का? मांजराचे पूर्वज कोरड्या, वाळवंटी प्रदेशातले. लागणारं बरंचसं पाणी त्यांना शिकारीतूनच मिळे. उंदराच्या शरीरात साधारण ७० टक्के पाणी असतं. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याची लघवी दाट असते. आता हेच मांजर पाकिटातल्या कोरड्या दाण्यांवर जगतं, ज्यात पाणी जेमतेम १० टक्के असतं. ही पाकिटं आता तालुक्याच्या दुकानांतही दिसतात. त्यात आपला उन्हाळा. याच दिवसांत आमच्या ओपीडीत कंबर धरून आलेल्या मूतखड्याच्या रुग्णांची रांग लागते. घाम जास्त, पाणी कमी, लघवी दाट. माणसाचा आणि मांजराचा खडा वेगळा असला, तरी दोघांची सुरुवात अशीच होते.

दाट लघवीमुळे प्रत्येक वेळी खडाच होतो असं नाही. अनेक मांजरांना खडा नसतानाही, ताणतणावामुळे मूत्राशयाला सूज येते. घरात नवा प्राणी आला, जागा बदलली, एवढंही कारण पुरतं. कुत्र्यांचं गणित आणखी वेगळं. त्यांच्यातले स्ट्रुवाइट खडे बहुतेक वेळा जंतुसंसर्गामुळे होतात. तिथे नुसता आहार बदलून भागत नाही, प्रतिजैविकं लागतात. म्हणूनच लघवी तपासल्याशिवाय 'मूतखड्याचं खाद्य' विकत आणणं धोक्याचं.

त्याचा धडा जगाला चाळीसेक वर्षांपूर्वी मिळाला. १९८० च्या दशकात मांजरांमधले स्ट्रुवाइट खडे कमी व्हावेत म्हणून पाश्चात्त्य कंपन्यांनी खाद्यातलं मॅग्नेशियम घटवलं आणि लघवी आम्लधर्मी होईल अशी रचना केली. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या केंद्रात १९८१ पासून प्राण्यांच्या खड्यांची तपासणी होते. तिथल्या नोंदींत पुढच्या वर्षांत स्ट्रुवाइट कमी होत गेले, पण कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वाढत गेले. स्ट्रुवाइट योग्य आहाराने काही आठवड्यांत विरघळू शकतो. ऑक्झलेट विरघळत नाही, तो काढावाच लागतो. एक दार बंद करताना दुसरं उघडलं गेलं. दोन्ही खड्यांना उपयोगी पडणारा उपाय एकच : लघवी पातळ ठेवणं.

चार किलोच्या मांजराला अन्नातलं धरून दिवसाला साधारण २०० मिलिलिटर पाणी लागतं. ते नुसत्या वाटीतून पोटात जाईल या भरवशावर राहू नये. कोरडे दाणे कोमट पाण्यात भिजवून द्यावेत. चिकन किंवा मासळी उकडून, मीठ-मसाला न घालता, त्याच्या पाण्यासकट द्यावी. पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी, पसरट आणि रोज धुतलेली असावीत. दूध हा पाण्याला पर्याय नाही. मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना ते पचत नाही, जुलाब होतात आणि अंगातलं पाणी उलट कमी होतं. निव्वळ दूध-भाकरीवर मांजर ठेवणाऱ्यांनी हेही ध्यानात घ्यावं, की धान्याच्या आहाराने लघवी अल्कधर्मी होते. शिवाय डोळ्यांना आणि हृदयाला लागणारं टॉरिन त्यातून मिळत नाही.

कुत्र्याला भाकरी चालते, पण कांदा-लसणाचा रस्सा नको. त्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. आपल्या जिल्ह्यात कडवंचीसारखी द्राक्षांची गावं आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो : द्राक्षं आणि मनुके काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. दिवसभर साखळीला बांधलेला कुत्रा लघवी रोखून धरतो. त्याला तीन-चार वेळा तरी मोकळं सोडा.

आणि ज्यांना घर नाही त्यांचं काय? २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने भटक्या कुत्र्यांना रस्त्यावर खाऊ घालण्यास मनाई केली आणि पालिकांना प्रभागनिहाय जागा ठरवून देण्यास सांगितलं. तेव्हापासून जागा कुठे, खर्च कुणाचा, चावा घेतला तर जबाबदार कोण, यावर भरपूर वाद झाले. चाव्याचे रुग्ण मी रोज पाहतो, त्यामुळे ते वाद मला गैर वाटत नाहीत. पण या चर्चेत अन्न आहे, पाणी नाही. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी राज्याने दुष्काळ जाहीर केलेल्या ४० तालुक्यांत मंठाही होता. टँकरची वाट पाहणाऱ्या गावात कुत्र्या-मांजरांच्या वाट्याला काय येतं, हे वेगळं सांगायला नको. नगरपंचायतीने खाऊ घालण्याची जागा ठरवताना तिथे सावलीत एक सिमेंटची कुंडी ठेवली आणि ती धुण्याची जबाबदारी कुणावर तरी टाकली, तर खर्च फार नाही. बोअरच्या जड पाण्याने खडे होतील, अशी शंका अनेकजण काढतात. पाण्याच्या जडपणापेक्षा ते पोटात किती कमी जातं, याचा वाटा मोठा आहे.

शेवटी एक धोक्याची खूण. बोका वारंवार लघवीला बसतो, जोर करतो, ओरडतो, पण थेंबही येत नाही. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नाही, आणि एरंडेल पाजलं जातं. बोक्याची मूत्रनलिका अरुंद असते. ती पूर्ण बंद झाली तर दोन-तीन दिवसांत जीव जातो. अशा वेळी आहार नको, घरगुती काढा नको, पाणी पाजत बसणंही नको. तडक पशुवैद्यक गाठा. जवळ कुणी नसेल, तर पशुसंवर्धन खात्याच्या फिरत्या पथकासाठी असलेल्या १९६२ या टोल-फ्री क्रमांकावर विचारा. माणसांचं पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका, मांजराला एक गोळीही जीवघेणी ठरू शकते.

तो मुलगा परवा बाजारात भेटला. बोका बरा आहे. घरात आता पाण्याच्या तीन वाट्या आहेत, आणि आजोबांची बाटली वरच्या फळीवर गेली आहे. मी विचारलं, "आणि आजोबा पाणी पितात का?" तो हसला. "त्यांनाच सांगावं लागतं, सर."